कोरी पानं वगळा

गेली तीस-बत्तीस वर्षं मी रत्नागिरीतल्या ऑफिसांमध्ये जाऊन मशिनांसमोर गुडघे टेकतो आहे. आधी फक्त झेरॉक्सची मशिनं होती. तेव्हा संध्याकाळी घरी आलो की हात, नाक, रुमाल सगळं टोनरने काळं झालेलं असायचं आणि आई मला पुढच्या दाराने आत घेत नसे. आता हात स्वच्छ राहतात, पण डोक्याला ताप वाढला. कारण आता माझं मुख्य काम म्हणजे स्कॅन केलेला कागद ऑफिसातल्या सगळ्यांना उघडता येईल अशा एका फोल्डरमध्ये पोचवून देणं. हे नक्की काय काम, ते माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. कोणी विचारलं की "ते मशीनचं बघतात" एवढंच ती सांगते. एकदा लग्नात मला कोणीतरी तेच विचारलं, तर मलाही याहून बरं उत्तर सुचलं नाही.

खरं तर गोष्ट सोपी आहे. ऑफिसात एक मोठं मशीन असतं. ते झेरॉक्स काढतं, प्रिंट देतं आणि कागदाचा फोटोही घेतं. तो फोटो कुठेतरी जाऊन राहायला हवा. म्हणून एका कॉम्प्युटरवर फोल्डर करायचा, तो बाकीच्यांना दिसेल असा मोकळा करायचा, आणि मशीनला त्याचा पत्ता आणि पासवर्ड सांगून ठेवायचा. मग मशीनवरचं बटण दाबलं की कागद मुकाट्याने तिथे जाऊन पडतो. काम दहा मिनिटांचं. उरलेला दिवस माणसांत जातो.

आता आमच्याकडे ढग गडगडले की घरातले सगळे प्लग काढायचे, हा संस्कार मुलाला चालायला लागायच्या आधी मिळतो. माळनाक्याच्या एका वकिलांकडे मी फोल्डर करून दिला आणि दर दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन यायला लागला, की कागद जात नाही. मी जायचो, नीट करायचो, चहा प्यायचो, परत यायचो. तिसऱ्या खेपेला बघितलं, तर त्यांचे कारकून ऑफिस बंद करताना आभाळ निरभ्र असलं तरी भिंतीतला प्रत्येक प्लग उपटून टेबलावर ओळीने मांडून घरी जायचे. सकाळी सगळं पुन्हा चालू झालं की कॉम्प्युटरला नवा पत्ता मिळायचा आणि मशीन बिचारं कालच्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं. कॉम्प्युटरला कायमचा एकच पत्ता देऊन टाकला आणि प्रश्न मिटला. प्लग काढायची सवय मात्र मी मोडली नाही. मी स्वतःही घरी काढतो.

दुसरी गंमत हातखंब्याच्या एका कंत्राटदाराकडची. तिथल्या मॅनेजरसाहेबांना मी तीनदा बजावलं होतं, की या फोल्डरमधलं सगळ्यांना दिसतं, घरगुती काही टाकू नका. त्यांनी चौथ्या दिवशी मुलीची पत्रिका स्कॅन केली. ती अकाउंटंटने बघितली, त्याने ती आपल्या बहिणीला पाठवली, आणि मार्गशीर्षात मॅनेजरसाहेबांची मुलगी अकाउंटंटच्या भाच्याच्या घरात गेली. मला दोन्हीकडून आमंत्रण होतं. पंगतीत मला आग्रह करकरून वाढताना मॅनेजरसाहेब शेजारच्याला म्हणाले, "ह्यांच्या फोल्डरमुळे जमलं." माझ्या कामाचं इतकं कौतुक पुन्हा कोणी केलेलं नाही.

असं बरंच सांगता येईल. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर डोक्यात आधी आलं ते गणपत राऊतांचं नाव. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आणि ही आठवण मला फारशी भूषणाची नाही.

राजापूर तालुक्यात, नाट्याच्या बाजूला, खाडीजवळ एक जुनी शाळा आहे. तिचं नाव देत नाही. चूक माझी होती, उगाच शाळेकडे बोट नको. भाऊ तिथे क्लार्क होते. अंगाने बारीक, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि बोलणं मोजकं. काहीही मोजायला लागले की ते 'एक' म्हणत नसत. भात मापताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात ना, तसं त्यांचं पानं मोजतानाही चालायचं. लाभ, दोन, तीन, चार. मशीनचे स्क्रूसुद्धा त्यांनी मला तसेच मोजून परत दिले होते.

शाळेच्या मुख्याध्यापिका नसीमा काझी मॅडम. त्यांना काळजी होती ती जनरल रजिस्टरांची. मुलाचं नाव शाळेत घातलं की त्याचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात ज्या जाडजूड वहीत चढते ते जनरल रजिस्टर. बाहेरच्याला ती जुनी वही वाटते. पण ज्या घरात कोणाच्या जन्माची कुठेच नोंद नाही, त्या घराचा सगळा पुरावा म्हणजे त्या वहीतली एक ओळ. नातीला सवलतीतून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीसाठी आजोबांची ओळ शोधावी लागते. आणि त्या वह्यांना कसर लागली होती, कडा हातात तुटून येत होत्या. म्हणून स्कॅन करायचं ठरलं आणि मला बोलावणं आलं.

मी मॅडमच्या कॉम्प्युटरवर फोल्डर केला आणि मशीनवर चार बटणं करून दिली, प्रत्येक बटणाला आत त्याच नावाचा वेगळा फोल्डर. दाखले, पत्रव्यवहार, रजिस्टर, आणि चौथं चाचणी. चाचणी म्हणजे माझं मशीन तपासून बघायचं बटण. मी भाऊंना म्हटलं, "काही बिघडलं, डाग पडला, की ते ह्यात टाका. ह्यातलं कोणी बघत नाही." ते त्यांनी लक्षात ठेवलं. भाऊंना एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

महिनाभरात मॅडमचा फोन. "मयेकर, अर्धा फोल्डर कोऱ्या पानांनी भरलाय हो. भाऊ ऐकत नाहीत." मी गेलो. भाऊ खरंच रजिस्टरातलं पान न् पान काचेवर ठेवत होते, त्यावर काही लिहिलेलं असो वा नसो.

"भाऊ, कोरी पानं कशाला?"

"मयेकरांनू, कोरा पान पण पानच. उद्या कोणी म्हटलान की मधला पान फाडलात, तर मी काय दाखवू?"

मुद्दा बिनतोड होता. पण मला परतीची गाडी गाठायची होती आणि मॅडम दारात उभ्या होत्या. मशिनात एक सोय असते, 'कोरी पानं वगळा'. ती चालू केली की ज्या पानावर ठरावीक इतका काळेपणा नाही ते पान मशीन परस्पर टाकून देतं, फोल्डरमध्ये पाठवतच नाही. मी ती चालू केली आणि भाऊंना समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि शाई उडालेली असली तर?"

मी हसलो. "भाऊ, मशीनचे डोळे तुमच्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत. ते पान विसरत नाही." मॅडमही हसल्या. भाऊ हसले नाहीत. आमचं ते हसणं मला आजही टोचतं, कारण त्या सबंध खोलीत कामाचा प्रश्न फक्त त्यांनी विचारला होता.

पुढे दसऱ्यानंतर मी मशीनच्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा झाकण उघडलं तर काचेच्या कोपऱ्यात आपट्याचं पान. सुकलेलं, तपकिरी. दसऱ्याला मशीनची पूजा सगळीकडेच होते, हळदीकुंकू मी रोजच पुसत असतो, पण काचेवर पान म्हणजे ओरखड्याची भीती. मी भाऊंना जरा जोरातच बोललो. त्यांनी पान उचललं आणि खणात ठेवलं. मग मी फोल्डर साफ करायला बसलो. चाचणीवर क्लिक करून पुसणार, इतक्यात ते मागून म्हणाले, "ता असू दे. कोणाच्या वाटेत येता?"

"त्यात सगळा कचरा आहे, भाऊ."

"असू दे कचरा."

जाणत्या माणसाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं. उघडून बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि घड्याळ मिळालं आणि ते खाडीपलीकडे आपल्या वाडीत राहायला गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वानरांनी शाळेच्या जुन्या इमारतीची कौलं हलवली. रजिस्टरांचं कपाट नेमकं त्याखाली. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाटात वह्या नव्हत्याच, नुसता लगदा होता. पंचनामा झाला. काझी मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "वाईट वाटलं, पण स्कॅन आहे म्हणून निभावलं." माझी छाती फुगली. त्या महिन्यात तीन नव्या ऑफिसांत मी ही गोष्ट जाहिरातीसारखी सांगितली.

ऑगस्टमध्ये मॅडमचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता. साक्षी नावाची एक मुलगी शाळेत आली होती. नर्सिंगला नंबर लागला होता, पण पडताळणीसाठी आजोबांची शाळेतली नोंद हवी होती आणि कागद द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नोंद नाही तर प्रवेश रद्द. "आजोबांचं पानच सापडत नाही, मयेकर. तुम्ही येऊन जा."

मी पोचलो तेव्हा ऑफिसबाहेरच्या बाकावर साक्षी आणि तिचे वडील मोहन बसले होते. मोहन मच्छीमार बोटीवर खलाशी. घरात एवढं शिकलेलं दुसरं कोणी नाही, हे त्यांनी न विचारताच मला सांगितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली फाइल साक्षीने दोन्ही हातांनी धरली होती.

मी रजिस्टरची फाइल उघडली. नोंदींचे क्रमांक ओळीने चालले होते आणि एका ठिकाणी मध्येच तीन क्रमांक गायब. पुढे आणखी एका वर्षी तसंच. वर्ष संपताना शेवटच्या पानावर दोन-तीनच नावं उरलेली असत, बाकी पान रिकामं, आणि शाई पन्नास-साठ वर्षांत उडून फिकट झालेली. मशीनने ती पानं कोरी म्हणून टाकून दिली होती. मशीनने म्हणजे मीच. मला हे पाच मिनिटांत कळलं. तरी पुढचा अर्धा तास मी उगाच इकडेतिकडे क्लिक करत राहिलो, कारण उठून त्या बाकाकडे जायची माझी हिंमत होत नव्हती.

शेवटी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊंना विचारून या. त्यांना पान न् पान पाठ होतं."

भाऊंच्या वाडीत रेंज नाही. मी शाळेतून एक स्कूटर मागून घेतली, मोहन मागे बसले. पूल ओलांडून वाडीच्या चढावर मी गाडी थांबवली आणि त्यांना सांगितलं, की तुमच्या वडिलांचं पान माझ्यामुळे गेलं आहे. मोहन म्हणाले, "चला तर खरे. भाऊ काय म्हणतात बघू."

भाऊ पडवीत बसून झावळीचे हीर काढत होते, केरसुणीसाठी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कोयता बाजूला ठेवला आणि मोहनकडे बघितलं.

"धोंडू म्हादेवचो झील ना तू?"

"होय, भाऊ."

"मग कशाला घाबरतंस? तुझ्या बापाशीचा पान चाचणीत हाय."

मला काही कळेना. मग भाऊंनी सावकाश सांगितलं. मी ती सोय चालू करून गेल्यावर त्यांनी एक रजिस्टर हातात घेतलं आणि आधी वहीतली पानं मोजली, मग कॉम्प्युटरवरची. लाभ, दोन, तीन करत. कोरी पानं वजा केली तरी आकडा जमेना. लिहिलेली काही पानं कमी भरत होती. कुठली, तेही त्यांनी शोधलं. ती पुन्हा काचेवर ठेवली, मशीन पुन्हा टाकून देई. असं कितीतरी दिवस चाललं. मग दसरा आला. भाऊंनी मशीनची पूजा केली, काचेवर आपट्याचं पान ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते काढायचं विसरून त्यावरच रजिस्टर उपडं घातलं. ते फिकट पान सरळ फोल्डरमध्ये जाऊन पडलं. कोपऱ्यात आपट्याची काळी सावली होती ना, मशीनला वाटलं पानावर काहीतरी आहे.

"मग बाकीची पण तशीच केलंय," भाऊ म्हणाले. "कोऱ्या जागेवर पान ठेवायचा, अक्षरावर नाय. पण पान उठलेला कागद रजिस्टरात कसा घालायचा? ता काय शुद्ध नाय. तुमीच सांगितला होतात, बिघडलेला चाचणीत टाका. टाकलंय."

मी ज्याला कचरा म्हणालो होतो तो हा. एका क्लिकने मी तो पुसणार होतो, आणि हा माणूस माझ्या मागे उभा राहून नुसतं 'असू दे' म्हणाला होता. मी पडवीच्या पायरीवर बसलो. वहिनींनी आतून पाणी आणि गूळ आणला.

परत येऊन चाचणी उघडली. आत सतरा पानं होती. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात आपट्याचं पान, नेमकं रिकाम्या जागेवर. सहाव्या पानावर तीन नावं होती आणि मधलं नाव धोंडू महादेव. पडद्यावर शाई जरा गडद करून घेतली तशी ओळ स्वच्छ दिसली. जन्मगाव, जन्मतारीख, जात, सगळं. साक्षी वाकून वाचत होती. आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले होते. तिने जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आजोबांची तारीख तुमाला पण माहीत नव्हती ना?" मोहननी मान हलवली आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. माझेही डोळे भरून आले. मी प्रिंटरमध्ये कागद घालायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

मॅडमनी प्रतीवर सही-शिक्का केला, पंचनामा जोडला आणि साक्षीने दुसऱ्या दिवशी कागद वेळेत दिले. आठवड्याने जात पडताळणी समितीकडून विचारणा आली. नोंदीच्या पानावर दुसऱ्या पानाची आकृती कशी, याचा संबंधितांनी लेखी खुलासा करावा. विचारणा रास्तच होती. संबंधित म्हणजे भाऊ. मी कोरे कागद घेऊन पुन्हा त्यांच्या पडवीत गेलो.

भाऊंनी निळं पेन काढलं आणि एकटाकी लिहिलं. 'सदर पानावरील आपट्याचे पान मी स्वतः दसऱ्यानंतर ठेवले असून त्याखाली कोणताही मजकूर झाकला गेलेला नाही. मूळ पान मी स्वतः पाहिले व हाताळले आहे.' अक्षर छापल्यासारखं. ते लिहीत होते तेव्हा मी इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं.

"भाऊ, तुम्हाला माझी चूक तेव्हाच कळली होती. मी तर वर तुम्हालाच आपट्याच्या पानावरून बोललो. सांगितलं का नाहीत?"

"मॅडमच्या समोर तुमची मान खाली गेली असती." त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. "आणि मग तुमी लाजेन परत आला नसतात. मशीन बंद पडला असता तर मी कोणाला बोलवणार होतो?"

त्यांनी खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं, जे कोणी विचारलेलं नव्हतं. 'यात मशीनवाले श्री. मयेकर यांचा काहीही दोष नाही.'

"भाऊ, हे खरं नाही. हे खोडा."

"सही झाली. आता खाडाखोड चालत नाय." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तो खुलासा समितीने मान्य केला. साक्षी आता दुसऱ्या वर्षाला आहे. दसऱ्याला ती आणि मोहन सोनं द्यायला भाऊंकडे जातात, आणि आता मीही जातो. नव्या ऑफिसात मशीन लावलं की मी ती सोय आधी बंद करतो आणि तिथल्या सगळ्यात जुन्या क्लार्कला म्हणतो, तुम्ही एकदा मोजून घ्या. बहुतेकांना ते बावळटपणाचं वाटतं. पण मोजतात.

भाऊंचा तो कागद पाठवण्याआधी शाळेत मीच स्कॅन केला. शाळेच्या फोल्डरमध्ये तो कायमचा आहे, खाली त्या शेवटच्या वाक्यासकट. तिथे खाडाखोड करता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. दोष होता, आणि तो माझा होता.